घड्याळवाल्याची मुलगी

भाची : ...आणि सगळ्या नोंदवह्या चाळल्या मी, मावशी. जन्माच्या, मृत्यूच्या, शाळेतल्यासुद्धा. शिंकून शिंकून नाक लाल झालं. घड्याळवाल्याला दोन मुलगेच होते. मुलगी नव्हतीच.

मावशी : हळू बोल.

भाची : का? दुपारी घर बंद असतं, आत चिटपाखरू नाही. चौदा वर्षं तू लोकांना घर दाखवताना सांगतेस, वरच्या खोलीत त्याची सात वर्षांची मुलगी बापाची वाट बघत तापाने गेली. कुठून आणलीस ही मुलगी?

मावशी : माझ्याच डोक्यातून.

भाची : अगं बाई. आणि हे इतकं थंडपणे सांगतेस?

मावशी : तेव्हा हे घर पाडून गाड्या उभ्या करायला जागा करणार होते. बंद पडलेली घड्याळं बघायला कोण येतंय? आले तरी जांभया. एकदा एक कुटुंब निघालंच होतं, तेव्हा मी बोलून गेले, थांबा, वरची खोली राहिली. त्यातल्या बाई रडल्या. पुढच्या रविवारी रांग लागली. घर वाचलं ते तिच्यामुळे.

भाची : म्हणजे थापेमुळे. ते काही असो, फाटकावरच्या पाटीचा मजकूर लिहायला मला निवडलंय, अख्ख्या शाळेतून मला. चार वाजता नगरपालिकेचे साहेब कागद न्यायला येतील. मी खोटं लिहिणार नाही.

मावशी : नको लिहूस. पण पाटीवर ती नसली तर लोक यायचे थांबतील, आणि पुढच्या वर्षी इथे गाड्या. एवढं माहीत असू दे.

भाची : माहितीये. म्हणून तर एकच ओळ लिहून थांबलेय.

मावशी : आणखी एक. ते काचेचं कपाट. त्यातला बूट.

भाची : तो तू जुन्या बाजारातून उचलला असशील.

मावशी : नाही. मी गोष्टीत सांगायचे, तिच्या डाव्या बुटाचा पट्टा तुटला होता, म्हणून ती खाली उतरली नाही. पाच वर्षं सांगत होते. मग सुतारकाकांनी वरच्या कुजलेल्या फळ्या उचकटल्या. खाली एकच बूट. डावा. पट्टा तुटलेला.

भाची : योगायोग.

मावशी : मीही स्वतःला तेच समजावलं. गेल्या वर्षी मात्र माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, पुरे झालं. लोकांना सरळ सांगायला लागले, मुलगीबिलगी कुणी नव्हती.

भाची : मग?

मावशी : कपाटाची काच मी रोज पुसते. बाहेरून पोरांचे हात लागतातच. पण एक ठसा जाईना. घासून घासून मनगट दुखायला लागलं. मग लक्षात आलं, तो आतून आहे.

भाची : मावशी, कपाटाला साहेबांचं सील आहे.

मावशी : आहे ना. दुसऱ्या दिवशी चार ठसे. आठव्या दिवशी काच इतकी माखली की बूट दिसेना. नवव्या दिवशी मी पुन्हा गोष्ट सांगितली. संध्याकाळी काच लख्ख.

भाची : घाबरवतेस होय? मी काय कुक्कुलं बाळ आहे?

मावशी : मघाशी तू मोठ्याने म्हणालीस, मुलगी नव्हतीच. जा, बघून ये.

(भाची कपाटापाशी जाते. बऱ्याच वेळाने परत येते.)

भाची : केवढासा तळहात आहे गं.

मावशी : हं.

भाची : रागावलीये का ती?

मावशी : रागावली असती तर मी ही नोकरी कधीच सोडली असती. तिला आई नाही, बाप नाही, कुठल्या वहीत जन्म नाही. माझी चार वाक्यं, तेवढंच काय ते तिचं. तीही मी काढून घेतली होती.

भाची : आणि त्या चार वाक्यांतही तू तिला मारूनच टाकलंस.

मावशी : तेव्हा एवढा विचार कुठे केला होता.

भाची : पेन दे. थांब, ही ओळ खोडते... हं, ऐक. "हे घर एका घड्याळवाल्याने बांधलं. त्याला दोन मुलगे होते. मुलगी या घराची आहे. ती वरच्या खोलीत राहते."

मावशी : राहते?

भाची : राहतेच ना? यात खोटं काय आहे?

मावशी : काही नाही. आता कपाटाजवळ जा आणि मोठ्याने वाच. तिला अजून वाचता येत नाही.