बापूंनी पंपाला घातलेला हार

पंपाची पूजा करू नये असं मी म्हणत न्हाय. पण ती कशी करायची, हे आमच्या बापूंना तेवढं विचारू नका.

बापू म्हणजे आमच्या अपार्टमेंटचे चेअरमन. तळघरातल्या पार्किंगमधलं पाणी उपसायला खड्ड्यात पंप हायच, पण लाईट गेली की त्यो बंद. म्हणून बापूंनीच मागं लागून बॅटरीवरचा दुसरा पंप बसवून घेतला. पाणी चढलं की त्याचा गोळा तरंगत वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो.

खंडेनवमीला आम्ही गाड्या पूजल्या. बापूंनी खड्ड्यात वाकून नव्या पंपालाबी झेंडूचा हार घातला. दसऱ्याला सोनं वाटून घरी येतोय तोवर धो धो पाऊस. लाईट गेली. खाली बघतोय तर गाड्यांची निम्मी चाकं पाण्यात, आणि नवा पंप गप्प!

बापू पाण्यात उभे राहून त्यालाच विचारत हुते, "कालच पूजा केली की रं! तरी पावला न्हाईस?"

मी खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालून चाचपलं.

"बापू, हार दोऱ्यानं कुणी आवळला?"

"मीच. सुटू नये म्हणून."

"पाइपासंगं गोळाबी बांधलाय तुम्ही. वर येणार कसा त्यो?"

मी दोरा तोडला. गोळा टुणकन वर आला, पंप सुरू झाला, पाणी हटायला लागलं.

बापूंनी पंपाला हात जोडले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंस? केलेली पूजा वाया जात न्हाय!"