वच्छलाबाईंना उत्तर द्या

आजच्या निरोपसभेचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख आदरणीय माणिकराव पटेल, खास वेळ काढून आलेले मंडल शिक्षणाधिकारी साहेब, मंचावर बसलेले माझे सहकारी चंपतराव गुरुजी आणि इतर शिक्षकबंधू, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबहिणी, गावकरी मंडळी आणि भिंतीला टेकून जांभया देणारी माझी मुलं, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

माझ्याआधी पाच वक्ते बोलले. इतकं कौतुक ऐकल्यावर मलाच वाटायला लागलं की या पंचफुलाबाई नावाच्या मुख्याध्यापिकेला एकदा भेटलं पाहिजे. शाळेला शिस्त लावली म्हणालात. चपला एका रांगेत असतात, नकाशे गुंडाळून खुंटीला असतात, खडूचा तुकडा जमिनीवर दिसत नाही. साहेबांनी तर सांगितलं की शेजारच्या मंडलात आपल्या शाळेचं उदाहरण देतात. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पाच भाषणं झाली आणि एकाही भाषणात झाडू हा शब्द आला नाही, हे आपल्या लक्षात आलं का? शाळा आजवर आपोआप स्वच्छ होत आली, असंच कोणालाही वाटावं. तेव्हा तो शब्द मीच उच्चारते.

मी इथं रुजू झाले तो पहिला दिवस सांगते. घंटा झाली, मुलं प्रार्थनेला उभी राहिली आणि आपल्या बौद्ध वस्तीतल्या तीन मुली रांगेतून बाहेर पडून झाडू घेऊन वर्गात गेल्या. कोणी त्यांची नावं घेतली नव्हती. मी त्यातल्या एकीला विचारलं, तुम्हीच काऊन? ती शांतपणे म्हणाली, "आमीच झाडतो बाई. आमाले सांगा लागत नाई."

सांगा लागत नाही! साहेब, चांगल्या सवयींवर आपण किती प्रशिक्षणं घेतो. आणि इथं एक सवय अशी मुरली होती की सांगायचीही गरज उरली नव्हती. त्या मुलींची प्रार्थना रोज बुडत होती आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. माझी आई याच जिल्ह्यात दुसऱ्यांच्या कापसात राबली, तिनं मला शिकवलं, मी शाळेत बाई झाले, खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवरून मी हे रोज पाहत बसायचं होतं का? मला संताप आला होता आणि तो आजही उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाडू हातात घेतला. ती मुलगी इतकी घाबरली की रडायला लागली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग मी नियम केला. वर्गातल्या बाकांच्या रांगेप्रमाणे पाळी. ज्या रांगेचा दिवस, त्या रांगेनं झाडायचं, मग त्या रांगेत पटेलांचं लेकरू असो की सालदाराचं. आठवड्यातला एक दिवस शिक्षकांचा, आणि त्यात पहिली मी.

चंपतराव गुरुजी, हसा, तुमचीच गोष्ट येतेय. गुरुजी मला म्हणाले होते की घरी मी पाण्याचा गिलासही उचलत नाही, बाईसाहेब, आणि इथं झाडू? त्यांनी आपल्या पाळीला वस्तीतला एक मुलगा धाडला. मी त्या मुलाला वर्गात बसवलं आणि गुरुजींच्या वर्गाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. झाडायचं कबूल केल्याशिवाय उघडणार नाही, असं सांगितलं. त्यांचा वर्ग सकाळभर लिंबाखाली भरला. दुपारी ऊन तापलं तेव्हा गुरुजींनी किल्ली मागितली, धोतर वर खोचलं आणि झाडलं. आज खोटं बोलणार नाही, कोपरे काढण्यात त्यांचा हात माझ्याहून चांगला आहे. टाळ्या त्यांना द्या.

कोणालाही एका दिवसात गोडी लागली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी रांग शेतात असायची, तेव्हा उरलेल्यांनी कुरकुर करत झाडलं. कोणी पाणी न शिंपडताच झाडून वर्गभर धूळ केली. पण हळूहळू एक गंमत झाली. ज्याला स्वतः झाडावं लागतं, तो कागद टाकताना थांबतो. साहेब, आमच्या शिस्तीचं गुपित विचारत होतात ना, ते एवढंच आहे. ते शेजारच्या मंडलातही चालेल.

आता अध्यक्ष महाराजांविषयी. माणिकरावजी, आपण वयानं वडील आहात, आपला मान मी कायम ठेवला आहे. आपली नात आशा पाळीच्या दिवशी झाडत होती आणि आपण रस्त्यानं बैलगाडीतून जात होता. आपण उतरून आत आलात आणि सगळ्यांसमोर मला विचारलंत, "बाई, माह्या नातीच्या हाती झाडू? उद्या तिले कोन्त्या घरी देऊ मी?" मी म्हणाले होते की झाडलेल्या घरी द्या. आपल्याला ते आवडलं नाही. माझा आवाज जरा चढला होता, हेही मान्य. त्यानंतर माझ्या बदलीचे अर्ज कोणी केले, ते मी विचारत नाही. गावाला माहीत आहे. हुकूम आला, बेज्जूरला जा म्हणून. जंगलात पाठवलं की बाई गप्प बसेल, असं कोणाला वाटलं असेल तर सांगते, झाडूचे फडे तर तिकडूनच येतात. तिथं मला बाजारातून आणायचीसुद्धा गरज नाही.

माझ्या बदलीचं मला दुःख नाही. नोकरी आहे, चालायचंच. माझा जीव अडकलाय तो या पाळीत. आणि अध्यक्षांनी मघाशी आपल्या भाषणात जाहीर केलं की बाई गेल्यावर मुलांना त्रास नको, गावाच्या वर्गणीतून वस्तीतल्या वच्छलाबाईंना साफसफाईला ठेवू, आणि पाळी सोमवारपासून बंद. आपण टाळ्या वाजवल्यात. दिसायला गोष्ट चांगलीच आहे. एका गरीब बाईला काम मिळतं. कालपासून ही बातमी गावात आहे, आणि वस्तीतल्याही काही लोकांनी मला सुनावलं, की बाई, तुमच्या हट्टापायी आमच्या बाईची रोजी जाते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण वच्छलाबाईंची धाकटी लेक त्या तीन मुलींपैकी एक होती. लेकीच्या हातून सुटलेला झाडू आईच्या हातात द्यायचा, आणि त्याला सोय म्हणायचं?

मी इथं विरोधच करणार होते. पण आज सकाळी वच्छलाबाई स्वतः माझ्या खोलीवर आल्या. अध्यक्षांचा निरोप त्यांना काल मिळाला होता. त्यांनी चहा घेतला, माझं बांधलेलं सामान पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, झाडाचं काम मी नाई करत. पोरांले पानी पाजाचं काम देत असन, त सोमवारपासून येतो. तुमी माइकवरून इचारा."

इतकी वर्षं मी झाडूशी भांडत होते, आणि त्यांनी एका वाक्यात थेट पिण्याच्या पाण्याच्या रांजणालाच हात घातला. काम आहे, वर्गणी तीच आहे, बाई तीच आहे. फक्त झाडूच्या जागी ओगराळं द्यायचं आहे. तिच्या हातचं पाणी सगळी मुलं पितील, आणि शाळा सगळी मुलं झाडतील. मी त्यांना शब्द दिला की विचारते. म्हणून विचारते, पाणी पाजायचं काम त्यांना देता का?

माझं बोलणं लांबलं. साहेबांना परतीची घाई आहे, आयाबहिणींना घरची कामं आहेत. सहकाऱ्यांनी माझा तापट स्वभाव सोसला, गावानं ऊसतोड्यांसारखं फिरणाऱ्या मला इथं वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि ज्यांनी माझी बदली केली त्यांनीही आज मला शाल पांघरली, त्या सर्वांचे आभार. नावं घ्यायची राहिली असतील, कोणाला शब्द लागला असेल, मोठ्यांशी बोलताना पायरी सुटली असेल, तर पदरात घ्या. चंपतराव गुरुजींची कुलपाबद्दल माफी मागते. पाळीबद्दल मात्र मी कोणाची माफी मागणार नाही, इथंही नाही आणि बेज्जूरलाही नाही.

हा माइक मी अध्यक्षांच्या हातात देते. उत्तर मला नको, मी उद्या सकाळच्या बसनं निघाले. वच्छलाबाई त्या दाराशी बसल्या आहेत. माणिकरावजी, त्यांच्याकडे पाहून सांगा.