मालकाचा पत्ता

(बाल्टिमोर. एकाच भिंतीनं जोडलेली दोन घरं. पायऱ्यांवर दोघी म्हाताऱ्या बहिणी आणि महापालिकेचा तपासनीस लमार.)

लमार : मिस लुएला, आठ वर्षं त्या शेजारच्या घरातलं पाण्याचं मीटर जागचं हललेलं नाही. आणि तुम्ही म्हणता, तुमचा मुलगा राहतो तिथं.

लुएला : राहतोच. अंघोळीचा कंटाळा आहे त्याला, लहानपणापासून.

वर्नीस : अगं, काहीतरीच काय! महापालिकेचा माणूस आहे तो, दुधखुळा नाही.

लुएला : तू गप गं. धाकटी आहेस, धाकटीसारखी राहा.

लमार : संध्याकाळी दिवा लागतो, पडदे बदलतात, पायऱ्या घासलेल्या असतात. कोण करतं हे सगळं?

वर्नीस : हीच, आणखी कोण? गुडघे दुखतात म्हणून रडते आणि दोन्ही घरांच्या पायऱ्या घासते. नाताळात त्या दाराला हारसुद्धा लावला. रॉनेलचा आठ वर्षं पत्ता नाही.

लुएला : राबतं घर दिसलं की चोर शिरत नाहीत. गल्लीतल्या रिकाम्या घरांतले तांब्याचे पाइप उपटून नेले मेल्यांनी. माझ्या रॉनेलच्या घरातला एक तरी गेला का?

लमार : नाही गेला. इतकं नीट ठेवलेलं रिकामं घर मी दुसरं पाहिलं नाही, खरंच. पण गेल्या महिन्यात ते कोपऱ्यावरचं पेटलं, ते शेजाऱ्याचंही घेऊन गेलं. म्हणून आता प्रत्येक रिकाम्या घराच्या मालकाची नोंद करायची आहे. काही झालं तर फोन कुणाला करायचा, एवढंच हवंय.

लुएला : मला कर की. भिंतीला लागून तर आहे मी.

लमार : तुम्ही मालक नाही ना. मालकानं लिहून दिलं, तर तुमचं नाव चालेल. त्याचा पत्ता द्या, मी स्वतः जाऊन त्याची सही आणतो.

वर्नीस : सांग की आता पत्ता.

लुएला : नाही माहीत! झालं समाधान? आईला पोराचा पत्ता माहीत नाही. लिही.

लमार : असं नाही लिहीत मी. कुठं गेला काही…?

लुएला : गोदीत होता कामाला. नोकरी पक्की झाली तसं हे घर घेतलं. म्हणाला, ‘आई, नुसती भिंतीवर थाप मार, मी आलोच.’ मग पाठ मोडली कामावर. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्या बंद केल्या तर रस्त्यावरची पुडी सुरू झाली. एक दिवस जरा जाऊन येतो म्हणाला.

वर्नीस : हॉस्पिटलं पालथी घातली आम्ही. शवागारात मी गेले, दोनदा. हिला नाही जाऊ दिलं.

लुएला : नव्हता ना पण तो तिथं?

वर्नीस : नव्हता गं बाई.

लमार : एक रस्ता आहे. इतकी वर्षं पत्ता नसला, की कोर्ट माणसाला मृत धरतं. तुम्ही अर्ज करा. वारस म्हणून घर तुमच्या नावावर होईल, नोंद तुम्हीच कराल. मग खुशाल दिवा लावा, पायऱ्या घासा. घराला कुणी हात लावणार नाही.

वर्नीस : ऐकलंस? कर अर्ज. भिंतीपलीकडे काही खुट्ट झालं की छाती धडधडते माझी.

लुएला : म्हणजे माझा मुलगा मेला, असं मी लिहून द्यायचं.

लमार : कागदापुरतं.

लुएला : तुझी आई आहे का रे, बाळा?

लमार : आहे.

लुएला : तिला विचारशील हे? कागदापुरतं?

लमार : …नाही विचारणार.

लुएला : आणि नाही केला अर्ज, तर?

लमार : मालक सापडला नाही असं धरून मंगळवारी माणसं येतील. दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद करतील. पुढं कोर्ट, मग लिलाव. वर्ष-दीड वर्ष जाईल त्यात.

वर्नीस : लू, ऐक माझं. त्याच्या कष्टाचं घर आहे, ते तरी राहू दे. तो नाही येणार आता. मला कळतं, तुलाही कळतं.

लुएला : कळतं गं. रोज सकाळी उठल्या उठल्या कळतं. पण माझ्या तोंडानं नाही म्हणणार मी.

लमार : फळ्या ठोकल्यावर घर फार भकास दिसतं, मिस लुएला. येता-जाता तुमच्याच डोळ्यांसमोर राहील.

लुएला : ठोकू देत. फळ्या काढता येतात, बाळा.