वांग्याच्या वावरातलं संगीत नाटक

आमचा कामरगावचा शरद संगीत नाटकं बसवते, अन् मी त्याची पेटी वाजवतो. दरवेळी गडी काहीतरी नवंच काढते, पण जन्मात एका गाण्याले 'वन्स मोअर' भेटला नाही. तेच त्याचं दुखणं.

यंदा त्यानं नाटक थेट वांग्याच्या वावरात लावलं. नायिकेचं गाणं रंगलं अन् नेमकी शेतीच्या पंपाची लाइन आली! सारे प्रेक्षक आपापल्या मोटरी चालू कराले पळाले. गाणं संपलं तवा समोर निस्त्या सतरंज्या.

शरद वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, डोकं धरून बसला. "बंद कर बाप्पा पेटी."

म्या केली. तं चहूकडच्या वावरातून आरडाओरडा, "ओ शरदभाऊ, थांबले काहून? पाणी देता देता आयकून राह्यलो ना आमी! वन्स मोअर!"