नऊ फुटांवरची रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दादासाहेब, मुंबईहून मुद्दाम आलेले आपले प्रमुख पाहुणे ध्वनिमुद्रक श्री. कारखानीस, व्यासपीठावरील ज्येष्ठ व्हायोलिनवादक आणि माझे वडील तात्या, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सॅक्सोफोनवादक श्री. पिराजी हुजरे, म्हणजे आपले पिराजीकाका, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

भगिनी म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. आमच्या वादकांत बाईमाणूस मी एकटी. पण आज पहिल्या रांगेत पिराजीकाकांच्या घरच्या बनाबाईकाकू आहेत आणि दारापाशी स्टुडिओ झाडणाऱ्या आमच्या तानाबाई आहेत, तेव्हा अनेकवचन खोटं ठरत नाही. खोटं बोलायची मला धास्ती वाटते. आज त्याविषयीच थोडं बोलायचं आहे. चुकायला नको म्हणून लिहून आणलं आहे.

पिराजीकाकांची ओळख मी काय करून देऊ? उचगावातून सायकलवर येऊन बत्तीस वर्षं ते संस्थानच्या बँडमध्ये वाजवत होते. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, तेव्हा ते आपल्या स्टुडिओत आले. बावन्न साली मुंबईला गेले असताना त्यांनी एका हॉटेलात अमेरिकेतली जाझची एक रेकॉर्ड ऐकली. एक सॅक्सोफोन आणि त्याच्या मागे व्हायोलिनांचा अख्खा ताफा. त्यांनी ती मिळवली, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन कोल्हापूरला आणली आणि सरळ आमच्या घरी आले. तात्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "लग्नघरात बैल शिरलाय, पिराजी."

काका म्हणाले, "व्हय की. पण बैलाला कुणी हाकलत न्हाय, हे बघितलंसा का?"

तशी रेकॉर्ड आपल्याकडे करायची, हे त्या दिवसापासून त्यांच्या मनात होतं. दोन वर्षांनी एक रेकॉर्ड कंपनी त्याला तयार झाली. आठ व्हायोलिनं, पुढे तात्या, शेवटच्या खुर्चीवर मी. दोन बाजू, तीन-तीन मिनिटं.

कारखानीससाहेब तेव्हा एका रविवारी आले. हॉलच्या मधोमध एकच मायक्रोफोन टांगला, अर्धा दिवस ऐकलं आणि फरशीवर खडूनं रेघा मारल्या. व्हायोलिनं पाच फुटांवर, सॅक्सोफोन नऊ फुटांवर. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं अक्षर नीट आहे. तुम्ही रोज सकाळी मोजा. रेघ हलली की रेकॉर्ड गेली." आणि पुढच्या शनिवारी चाचणी, रविवारी रेकॉर्डिंग, असं सांगून गेले. अक्षर आणि अंतर यांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. आईच्या शिवणाची टेप घेऊन रोज मोजू लागले.

सोमवारी काकांची रेघ चार बोटं मागे होती. मी पुसून परत नऊ फुटांवर ओढली. मंगळवारी पुन्हा चार बोटं मागे. बुधवारी पुन्हा.

पहिला संशय मी तानाबाईंवर घेतला. त्या इथेच आहेत, म्हणून सांगते. त्या म्हणाल्या, "बाई, फडकं फिरलं तर रेघ समदीच जाईल की. पुसून परत चार बोटं मागं काढत बसाय मला काय सण हाय?"

मग उरले काका. आता मला सांगा, सॅक्सोफोन वाजवणारा माणूस पुढे सरकला तर कळू शकतं. मागे कशाला सरकेल? मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "पितळ वाजवणारा आपणहून मागे जात नाही. काहीतरी आहे." एवढं मला पुरलं. त्यांना आमची व्हायोलिनं उघडी पाडायची आहेत, आमच्या चुका कंपनीला ऐकू जाव्यात म्हणून ते बाजूला होत आहेत, असं मी ठरवून टाकलं. मग सगळंच खटकू लागलं. दुपारी सगळे ठेचा-भाकरी खात तेव्हा ते एकटे कोपऱ्यात पाठ करून बसत. शेंगदाणे पुढे केले तर नको म्हणत. आमच्याबरोबर खायचंसुद्धा नाही, इतका राग?

गुरुवारी मी तासभर आधी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका एकटेच उभे होते. चार सूर वाजवायचे, एक पाऊल मागे जायचं, पुन्हा तेच चार सूर, आणि मान वाकडी करून ऐकायचं. मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालावर रक्त होतं.

मला बघून म्हणाले, "लवकर आलीस, पोरी."

"तुम्हीपण. काका, रेघ तुम्ही हलवता?"

"व्हय."

"का?"

त्यांनी वरचा ओठ उचलला आणि पुढचा दात अंगठ्यानं ढकलला. तो दारासारखा आत गेला. शेजारचाही तसाच. सॅक्सोफोनची तोटी वरच्या दातांनी धरावी लागते. धरायला दात नसले की ओठाच्या कडेनं वारा सुटतो, आणि सुराबरोबर सूंऽऽ असा आवाज येत राहतो.

"नऊ फुटांवर त्या डब्याला ऐकू जातंय," ते म्हणाले. "साडेधावर न्हाय जात. रोज चार बोटं सरकलो असतो तर रविवारपातूर दीड फूट झालं असतं. पण तू रोज सकाळी टेप घेऊन हजर."

"साहेबांना सांगा ना."

"सांगितलं की मुंबईचा दुसरा येतोय. रांग हाय तिकडं. बत्तीस वर्षं सलाम्या वाजवल्या, पोरी, उन्हात, उभ्यानं. व्हायोलिनं संगट घेऊन तीन मिनिटं वाजवायचंय. एकदाच."

मी म्हणाले, "मी खोटं सांगणार नाही."

"सांगू नगंस. इचारलं तर खरं सांग."

मी काय केलं? फडकं ओलं केलं, त्यांची रेघ पुसली आणि नऊ फुटांवर नवी ओढली. ते उभे राहून बघत होते. संध्याकाळी मी सगळं तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरंच झालं. मुंबईचा येईल, वाजवायला दात असलेला."

शनिवारी साहेब आले. चाचणी सुरू झाली आणि काचेमागून आवाज आला, "हवा कुठून येतेय? पंखे बंद करा." पंखे बंद केले. "खिडक्या लावा." खिडक्या लावल्या. आम्ही सगळे घामानं भिजलो आणि सूं आवाज तसाच. काका फरशीकडे बघत उभे. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. न विचारलेलं न सांगणं खोटं धरायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी सकाळी रेकॉर्डिंग. मी टेप धरली. काकांची रेघ साडेदहा फुटांवर होती.

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याआधीच रेघेकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा माझ्याइतकाच गोंधळलेला होता. तेवढ्यात काचेमागून साहेबांनी विचारलं, "बाई, माप?"

मी म्हणाले, "नऊ."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ती रेकॉर्ड या हॉलमधल्या पुष्कळांच्या घरी आहे. सॅक्सोफोन पंचगंगेच्या पलीकडून यावा तसा येतो, असं लोक म्हणतात. ही दूरची जादू कशी साधली, असं मुंबईत साहेबांना विचारतात म्हणे. साहेब, आज सगळ्यांदेखत सांगते, दीड फुटाचं खोटं होतं ते, आणि मी बोलले होते. हे सांगायची परवानगी घ्यायला मी मागच्या आठवड्यात उचगावला जाऊन आले. काका म्हणाले, "सांग की. आता दातच न्हायत, भ्यायचं कशाला?" त्यावर बनाबाईकाकू आतून म्हणाल्या, "दात व्हतं तवा तरी कुणाला भ्यालासा?"

पण रेघ कुणी ओढली?

काकांनी वाडीच्या दत्ताची शपथ घेतली की त्यांनी नाही. तानाबाई रविवारी येत नाहीत. त्या सकाळी आमच्या घरातून एक माणूस माझ्याआधी बाहेर पडला होता. व्हायोलिनच्या तारा बदलायच्या आहेत, असं सांगून. धोतरावर खडू दिसत नाही, पण काळ्या कोटाच्या बाहीवर दिसतो. घरी आल्यावर मी विचारलं, "तात्या, बाहीला हे पांढरं काय?"

"राळ आहे. गजाला लावतो ती."

मी त्यांच्याच हाताखाली शिकले आहे. राळ चिकटते. मी बाहीवर हात मारला, तर ते पांढरं सगळं उडालं.

तात्या म्हणाले, "पितळ लांबच बरं. आमची व्हायोलिनं तरी ऐकू आली."

एवढंच. ते त्यांनी काकांसाठी केलं की व्हायोलिनांसाठी, हे मला आजही माहीत नाही. आणि एक संशय साहेबांविषयीही आहे. ज्यांना पंख्याची झुळूक ऐकू येते, त्यांना दीड फूट ऐकू आलं नसेल? साहेब, कृपा करून उत्तर देऊ नका.

काका आता वाजवणार नाहीत. कवळी तोटीवर टिकत नाही. उद्यापासून ती नऊ फुटांवरची जागा रिकामी असेल, आणि मी सवयीनं मोजीन.

जाता जाता एक. आज सकाळी या व्यासपीठावरच्या खुर्च्या मी मांडल्या. काकांची आणि तात्यांची यांत दोन हात अंतर ठेवलं होतं. आता त्या खुर्च्या एकमेकींना लागून आहेत. कुणी सरकवली, ते मी विचारत नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुठे आगाऊपणा झाला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून पोटात घालावं. त्या रविवारी 'नऊ' म्हणाले, त्याची क्षमा मात्र मी मागत नाही.