घरचं मशीन

आमच्या नितीनच्या घड्याळाचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. महागडं परदेशी घड्याळ, आणि भेटेल त्याला सांगायचा, आतलं मशीनसुद्धा कंपनीने स्वतः बनवलंय. परवा माझ्यासमोर मुलुंडच्या घड्याळवाल्याने ते उघडलं. म्हणाला, "मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे साहेब. यांनी फक्त आपलं नाव कोरलंय."

नितीनने घड्याळ खिशात टाकलं आणि आम्ही त्याच्या घरी आलो. त्याची बायको सायली चहा आणि घरच्या चकल्या घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतोस रे? बाहेरून आणायचं, आपल्या डब्यात भरायचं, झालं घरचं."

नितीनची चकली तोंडापर्यंत जाऊन थांबली. "सायली, या तूच केल्यास ना?"

"चहा गार होतोय," ती म्हणाली.