मोठी गाडी येईपर्यंत

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय महादेवराव, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या वर्षालीताई काळमेघ, त्यांचे आईवडील, आरोग्य केंद्रातले माझे सहकारी आणि शेंदूरजनाघाटहून टेम्पो करून आलेले ग्रामस्थहो, सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. डॉक्टरला पाच मिनिटं कमी वाटत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बाइक अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रस्ताव आला, तेव्हा वैद्यकीय अधिकारी म्हणून मी लेखी विरोध केला होता. ‘ज्या वाहनात रुग्ण झोपू शकत नाही, ते आपल्या काय कामाचं?’ हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. प्रस्ताव तरीही मंजूर झाला आणि भातकुलीच्या शेतकरी घरातल्या, नर्सिंग शिकलेल्या वर्षालीताईंनी बाइकची किल्ली घेतली. लोक विचारायचे, मोठी गाडी कुठं आहे? ताई म्हणायच्या, “येऊन राहिली. तोवर मी आहो न.”

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. शेंदूरजनाघाटच्या पार्बताबाईंच्या बागेत संत्र्याची तोड चालू होती. शिडीचा धक्का आग्या मोहोळाला लागला आणि माश्या पार्बताबाईंवर तुटून पडल्या. सूनबाई रूपालींनी फोन केला. मोठी गाडी आणि बाइक एकदमच निघाल्या. पण शिवाररस्त्यावर संत्र्याचा ट्रक नालीत रुतला होता आणि मोठी गाडी त्याच्या मागे अडकली. ताई मात्र झाडांच्या ओळींमधून अकरा मिनिटांत पोचल्या.

पार्बताबाईंचा चेहरा सुजला होता, श्वास अडत होता, मनगटाला नाडी लागत नव्हती. ताईंनी मला फोन लावला, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून पाय संत्र्याच्या भरल्या कॅरेटवर उंच ठेवले. पाच मिनिटं गेली. फरक नाही. दुसरा डोस देऊ का, असं त्यांनी विचारलं.

मी काय म्हणालो? वय पासष्ट, हृदयावर ताण येईल, मोठी गाडी येऊ द्या, असं म्हणालो. खरं सांगतो, मंडळी, पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायचा, हे पुस्तकातलं मला माहीत होतं. मी भ्यालो होतो.

ताईंचा आवाज चढला नाही. “सर, तुमी इथं असते तर काय केलं असतं?”

मी खुर्चीत बसलो होतो. टेबलावरचा चहा गरम होता. पाच किलोमीटरवर एका बाईचा जीव जात होता आणि माझ्या शब्दासाठी एक मुलगी हातात सिरिंज धरून थांबली होती. मी म्हणालो, “दिलं असतं.”

“मग देते.”

फोन चालूच राहिला. रूपालींचं रडणं ऐकू येत होतं. मी खुर्चीतून उठून उभा होतो. आणि काही मिनिटांनी बसलेल्या आवाजात पार्बताबाई बोलल्या, “पोरी, माह्ये पाय काढ तिथून. संत्रे दबून राह्यले.”

मोठी गाडी चाळीस मिनिटांनी पोचली. दोन दिवसांनी पार्बताबाई घरी गेल्या. आज त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि ‘भाषण आटपा’ अशा नजरेनं माझ्याकडे बघत आहेत.

त्याच आठवड्यात मी माझं जुनं पत्र मागे घेतलं आणि आणखी बाइका मागितल्या. आता आपल्या तालुक्यात चार आहेत. अकोल्याला बारा जणांची नवी तुकडी उभी राहते आहे, तिला शिकवायला ताई चालल्या आहेत. त्या बारा जणांचा मला आत्ताच हेवा वाटतो.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि आपल्या मुलीच्या हाती दुचाकी देणाऱ्या काळमेघ दांपत्याचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं, शब्द वावगा गेला, तर आपण पोटात घालाल. पण त्या दिवशी फोनवर मी पहिलं उत्तर जे दिलं, त्याची माफी तुमच्याकडे मागून भागणार नाही. ती माफी, वर्षालीताई, पार्बताबाई, तुम्हा दोघींकडे मागतो. इतके महिने ती राहून गेली होती.

नमस्कार.